दोन्ही बाजूंचा स्टे

आमचे लातूरचे घरमालक कोणतीही गोष्ट एकदाच सांगत. कुणी दुसऱ्यांदा विचारलं, तर त्यानं आपल्या ताटातली भाकरी उचलल्यासारखं त्याच्याकडं बघत आणि म्हणत, "एकदा सांगितलं." हे दोन शब्द मात्र ते दिवसातून कितीही वेळा सांगत. त्यात आपलाच नियम मोडतो, हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नाही. मीही आणून दिलं नाही. मला खोली सोडायची नव्हती.

तार ऑफिसात त्यांची सगळी नोकरी झाली होती. निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेला आणि पुढं तारेच्या यंत्रावर बसलेला माणूस. तारेत शब्दाला पैसे पडतात, त्यामुळं लोक आईच्या दुखण्यातही काटछाट करतात. 'आई गंभीर. ये.' उभी हयात असली वाक्यं कानांनी घेऊन आणि बोटांनी पाठवून मालकांची जीभच आखूड झाली होती. बोलत नसले की त्यांचं बोट चालायचं. चहाच्या बशीवर, खाटेच्या कडेवर, गाडीच्या टाकीवर नखानं टिकटिक, टिकटिक. काय पाठवत असत आणि कुणाला, देव जाणे. बायको कधीचीच गेली होती. गल्ली त्यांना तारबाबू म्हणायची. मी तोंडावर मालक म्हणायचो आणि पाठीमागं तारबाबूच.

मी खोली बघायला गेलो, तो प्रवेश मी आजही लग्नाकार्यात उभ्यानं करून दाखवतो. ओसरीवर ते खाटेवर बसलेले. मी दारात, काखेत वळकटी.

"गाव?"

"नांदेड."

"नोकरी?"

"कलेक्टर कचेरीत. कारकून."

"दारू?"

"नाही."

"पेटी?"

"हो, एक आहे," मी म्हणालो. होतीच की. पत्र्याची ट्रंक, आईनं वरती नाव रंगवून दिलेली.

मालकांचा चेहरा उतरला. पण खोली दिली. पुढं पंधरवडाभर रोज दिवेलागणीला ते कानात कापसाचे बोळे घालून, डोळे मिटून, सोसायला तयार होऊन बसत. मला वाटायचं, संध्याकाळची उपासना असेल. शेवटी एकदा समोरच्या आक्कांनी मला विचारलं, "काय हो, तुमी वाजवता तरी कवा?" तेव्हा उलगडा झाला. त्यांनी विचारली होती बाजाची पेटी, मी सांगितली होती कपड्यांची. शब्द एक, माणसं दोन. ही गोष्ट मी तेव्हा पोट धरून हसत सांगायचो. आता सांगताना निम्म्यात थांबतो, कारण पुढं जे झालं ते याच वळणावर झालं आणि त्यात हसण्यासारखं थोडंच उरलं.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. कचेरीला इमारत होती तर टेबलं नव्हती, टेबलं आली तर पाटी नव्हती. आम्ही कारकून मांडीवर फाइली घेऊन जिल्हा चालवत होतो. मालकांना हा जिल्हा मान्यच नव्हता. पत्ता सांगताना ते अजून 'जिल्हा उस्मानाबाद' म्हणत. आणि जिल्ह्याच्या पाठोपाठ दुष्काळ आला. नळ खोकायचे, नुसती हवा सोडायचे. आडांना तळ दिसला. नगरपालिकेचा टँकर यायचा, पण आमच्या गल्लीच्या तोंडाशीच थांबायचा. गल्ली एवढी अरुंद, की समोरासमोरच्या दोन ओसऱ्यांवर बसलेली माणसं आवाज न चढवता भांडू शकत. टँकर आत शिरणं शक्यच नव्हतं. बाहेरच्या रस्त्यावर रांग, घागरींची आदळआपट आणि शेवटच्या बाईच्या नशिबी तळाचा गाळ.

इथं मालकांची गाडी रंगमंचावर येते.

काळी बुलेट. जुनी, जड, टाकीवर सोनेरी रेघ असलेली. पुढं स्प्रिंगांची एकटी गादी. मागची सीट काढून त्यांनी मडगार्डच्या दोन्ही अंगांना आकडे लावले होते आणि त्यांना दूधवाल्याच्या मोठाल्या ॲल्युमिनियमच्या किटल्या अडकवत. औशाच्या रस्त्याला एका ओळखीच्या शेतात विहिरीला अजून पाणी होतं. रोज सकाळी तिथून किटल्या भरून ही गाडी धडधडत गल्लीत शिरायची. मालक प्रत्येक दारापुढं थांबत आणि म्हणत, "पाणी."

एकदाच.

भांडं घेऊन यायला उशीर झाला की गाडी पुढच्या दाराला. सुरुवातीला दोनचार घरं कोरडी राहिली. मग सगळी गल्ली शहाणी झाली. आंघोळी, भांडणं, पोथ्या, सगळं त्या एका शब्दासाठी कान टवकारून चालायचं. एक पैसा ते कुणाकडून घेत नव्हते, दार कुणाचं ते बघत नव्हते आणि कुणी आभार मानायला लागलं तर गाडीचा आवाज वाढवत.

पहिलं दार आक्कांचं. आक्का म्हणजे समोरच्या घरातल्या लिंगायत बाई. माहेर उदगीरचं, त्यामुळं राग आला की बोलण्यात कानडी शिरायचं. विधवा, मूलबाळ नाही. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं किराणा दुकान होतं. गूळ, जोंधळे, काडेपेटी, बत्तासे आणि वरती टांगलेला पितळी तराजू. त्या खोलीवर त्यांचं पोट होतं. मालक जितकं कमी बोलत तितकं आक्का जास्त बोलत. कोणतीही गोष्ट तीनदा सांगितल्याशिवाय ती सांगितली असं त्यांना वाटतच नसे.

"तारबाबू, आज पाणी गढूळ हाय. गढूळ हाय म्हणते मी. ऐकू आलं का, गढूळ!"

"आलं."

"मग काहून आणलं?"

"एकदा..."

"सांगितलं कुठं? काही सांगितलंच न्हाई तुमी! अय्यो, या माणसाच्या तोंडाला कुलूप, अन् किल्ली तार हापिसात राहिली!"

मालक घागर काठोकाठ भरत आणि पुढं जात. पण जाताना त्यांच्या मिशीत काहीतरी हलायचं. मी पाहिलंय. रोज सकाळचे ते चार शब्द ऐकायला ते आक्कांची घागर मुद्दाम सावकाश भरत, असा माझा तेव्हाही संशय होता.

मग एकाच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या.

पहिली गोष्ट म्हणजे नगरपालिकेची माणसं फीत घेऊन आली आणि गल्लीच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर लाल रंगाच्या फुल्या मारून गेली. नव्या जिल्ह्याला रुंद रस्ते हवे होते. प्रत्येक घराचा पुढचा भाग जाणार होता. कुणाची ओसरी, कुणाची पायरी, मालकांची गाडी उभी राहायची ती जागा. आक्कांचं मात्र सगळं दुकान. फुली तराजूच्या बरोबर मागं पडली होती. हरकती द्यायला थोडी मुदत होती.

दुसरी गोष्ट त्यानंतर दोन-तीन दिवसांतली. मालक पाणी घेऊन गल्लीत शिरले आणि दगडावरून गाडी उडाली. कडाड आवाज झाला, मागचं मडगार्ड टायरवर बसलं, गाडी कलंडली आणि दोन्ही किटल्या गल्लीच्या तोंडाशीच आडव्या झाल्या. बायका दारात घागरी घेऊन उभ्या होत्या. कुणी ओरडलं नाही. सगळ्यांनी ते पाणी मातीत जाताना नुसतं बघितलं. दोन कोंबड्या तेवढ्या धावल्या.

काय मोडलं होतं? मागच्या मडगार्डला दोन्ही अंगांनी पेलून धरणाऱ्या वाकवलेल्या लोखंडी दांड्या असतात, त्या. गल्लीत त्यांना दांड्याच म्हणत. पण मेकॅनिक आणि मालक यांच्या भाषेत त्यांना म्हणतात स्टे.

आणि कोर्टातून जो मनाईहुकूम आणतात, त्यालाही सगळा मुलूख स्टेच म्हणतो.

हे एवढं पाहून मी दुसऱ्या दिवशी रजेवर नांदेडला घरी गेलो. त्यामुळं पुढचा प्रवेश मी पाहिलेला नाही. मागाहून आक्कांनी तो मला करून दाखवला, तीनदा.

गल्लीत एक शाळामास्तर होते. हरकतीचा अर्ज त्यांनीच लिहिला होता आणि सगळ्यांच्या सह्या घेऊन वकील लावायचा असा त्यांचा बेत होता. आक्कांची सही झाली होती. मास्तर मालकांकडं आले तेव्हा मालक गाडीखाली उताणे, बाहेर फक्त पाय.

"तारबाबू, सगळे मिळून स्टे आणू म्हणतो," मास्तर पायांना म्हणाले. "तुमचं काय?"

गाडीखालून उत्तर आलं, "स्टे मी आणून राहिलो."

मास्तर दचकले. "तुम्ही? कुठनं?"

"नांदेड."

"कोणत्या बाजूचा?"

"दोन्ही बाजूंचा."

मास्तरांना गल्लीच्या दोन्ही बाजू दिसल्या. मालकांना गाडीच्या. वर मालकांचा मेहुणा नांदेडला एका वकिलाकडं मुनशी होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"पण टिकेल का?"

"मजबूत. माझ्या हयातीत हलणार न्हाई. दुसऱ्या मॉडेलचा हाय. आपल्याला बसवून घेतो."

मॉडेल हा शब्द मास्तरांना गाडीखालून नीट ऐकू आला नाही. त्यांनी विचारलं, "दुसऱ्या कशाचा?" आणि गाडीखालून जे यायचं तेच आलं. "एकदा सांगितलं."

आता मास्तर म्हणजे शिकलेला माणूस. आपल्याला कळलं नाही असं गल्लीसमोर कसं म्हणणार? त्यांनी आक्कांच्या दुकानापुढं उभं राहून अर्थ लावून दिला. "दुसऱ्या एका खटल्यातला स्टे हाय. तोच आपल्या खटल्याला बसवून घेतात. कायद्यात असतं तसं." सगळ्यांनी माना डोलावल्या. आक्का तेवढ्या म्हणाल्या, "एकदा परत विचारा की त्यांना." पण परत विचारायची कुणाची हिंमत होती? अर्ज मास्तरांनी गुंडाळून ठेवला. तारबाबू बोलले म्हणजे झालंच. हा माणूस शब्द वाया घालवत नाही, याची सगळ्या गल्लीला खात्री होती.

दुसऱ्या दिवशी पांढऱ्या चादरीत गुंडाळलेलं भलंमोठं बोचकं छातीशी धरून मालक नांदेडच्या यष्टीत बसले. गल्लीला वाटलं, घरांचे कागद.

त्या चादरीत मडगार्ड होतं. मापाला. लातूर, अहमदपूर, लोहा करत लेकरासारखं मांडीवर घेऊन ते आणलं होतं त्यांनी. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय यात?" तर म्हणाले, "आजारी." त्यानं पुढं विचारलं नाही. माझ्या घरच्या दारात उभं राहून त्यांनी आईला नमस्कार केला आणि मला म्हणाले, "स्टे."

मी त्यांना जुन्या लोखंडाच्या बाजारात घेऊन गेलो. तिथं एक म्हातारे चाचा गाड्यांच्या सांगाड्यांत खुर्ची टाकून बसलेले असत. मालकांच्या गाडीचे स्टे नव्हते. मालकांना नकोच होते. ते एकदा मोडलेत, परत मोडतील. त्यांना हवे होते लष्कराच्या लिलावात निघालेल्या वेगळ्या मॉडेलच्या गाडीचे, जाड गोल सळईचे.

चाचांनी मडगार्ड बघितलं, सळया बघितल्या. "बाबू, ये तुमारे गाडी का नै. नै बैठता."

"बिठाऊंगा."

"जबरदस्ती?"

"आहिस्ता," मालक म्हणाले.

आणि खरंच आहिस्ता. लातूरला परतल्यावर ओसरीवर ते काम दिवसचे दिवस चाललं आणि संध्याकाळी कचेरीतून आलो की मीही हाताखाली उभा. लष्करी गाडीचं मडगार्ड रुंद, त्यामुळं तिच्या स्टेची कमान मोठी. आमच्या मडगार्डवर ती मोठ्या भावाच्या टोपीसारखी सैल बसायची. मालकांनी जुन्या टायरचं रबर कापून मधल्या फटीत घातलं. खालच्या टोकांची भोकं गाडीच्या भोकांशी जुळेनात, बोटभर मागं पडत. मी म्हणालो, "गाडीलाच नवं भोक पाडू."

त्यांनी कानस खाली ठेवली. "गाडी घरची. स्टे पाहुणा. पाहुण्यानं सरकायचं."

मग स्टेची भोकं कानशीनं घासून लांबट केली. उजवा स्टे सायलेन्सरला टेकायला लागला, तर तो लोहाराकडं नेऊन, भट्टीत लाल करून थोडा बाहेर काढला. डावा साखळीच्या बाजूला कुरकुरायचा, त्याला पाइपाचा तुकडा कापून आत सारला. बोल्ट पूर्ण आवळायचे नाहीत, आधी सगळे सैल लावायचे, मग एकेक करून फिरवत आवळत जायचं. शेवटी ते पाय रोवून मडगार्डवर बसले आणि एवढंच म्हणाले, "बसला."

मी गाडीमागं वाकलेलो होतो, समोरून दिसत नव्हतो. तेवढ्यात आक्का तिकडून ओरडल्या, "बसला का? बसला का म्हणते मी, स्टे?"

"बसला," मालक म्हणाले. त्या दिवशी त्यांनी तो शब्द दोनदा उच्चारला, पण एकदा मला आणि एकदा आक्कांना, म्हणून तो धरायचा नाही.

आक्कांनी गल्लीभर बत्तासे वाटले. मलाही दिले. मी विचारलं, कशाचे? तर आक्कांनी तोंडावर पदर घेतला. कारण मी कलेक्टर कचेरीतला, म्हणजे गल्लीच्या दृष्टीनं लाल फुल्या मारणाऱ्यांचा सख्खा भाऊ. स्टेची गोष्ट या सरकारी माणसाच्या कानावर पडू द्यायची नाही, असं ठरलं होतं. मी रोज लोखंडी स्टेला हात लावत होतो आणि मला कोर्टाचा स्टे ठाऊक नव्हता. गल्लीला कोर्टाचा स्टे ठाऊक होता आणि ओसरीवरचं लोखंड त्यांना दांड्याच वाटत होतं. आणि ज्या एका माणसाच्या शब्दातून दोन्ही निघाले होते, तो कुणाला दुसऱ्यांदा सांगत नव्हता.

पाणी पुन्हा सुरू झालं. गाडी आता डुलायची नाही. हरकतींची मुदत केव्हाच उलटून गेली. आक्कांनी फुलीवर चुना फासला आणि दुकानाला नवं निळं दार लावून घेतलं.

मग एका सकाळी, मी कचेरीला निघायच्या बेतात असताना, नगरपालिकेची माणसं पहारी आणि फावडी घेऊन आली. सोबत एक अधिकारी. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. मास्तर लेंग्यावरच धावत पुढं झाले. आवाजात कधी नव्हे तो रुबाब.

"थांबा साहेब. आमच्याकडं स्टे हाय."

अधिकारी थबकला. "कुणाच्या नावानं? दाखवा."

"येऊन राहिलेत, ते घेऊन," मास्तर म्हणाले. आणि नेमक्या त्या क्षणी, कुठल्या नाटककारानं जुळवून आणल्यासारखी, गल्लीच्या तोंडाशी बुलेट धडधडली. भरलेल्या किटल्या, वरती ताठ बसलेले मालक. गल्ली दोन्ही बाजूंना सरकली. त्यांना वाट करून देताना लोकांच्या माना ताठ झाल्या होत्या. आक्का निळ्या दारात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

मास्तर म्हणाले, "तारबाबू, साहेबांना स्टे दाखवा."

मालकांनी गाडी बंद केली. मी त्यांचा चेहरा बघितला. एवढे दिवस खपून केलेलं काम, आणि आज पहिल्यांदाच कुणीतरी आपण होऊन ते बघायला मागत होतं. ते खाली उतरले. धोतराच्या सोग्यानं धूळ पुसली. जरासे खाकरले.

"हा डावा," ते म्हणाले. "हा उजवा."

अधिकारी खरोखर वाकून बघायला लागला. पहारवाल्यांतला एकजण फिस्सकन हसला. दुसरं कुणी हसलं नाही. मास्तर उभ्या जागी खाली बसले.

आक्का पायरी उतरून आल्या. "कोर्टाचा, तारबाबू?" त्यांचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता. "कोर्टाचा कुठाय?"

मालकांनी त्यांच्याकडं पाहिलं. मग मास्तरांकडं, मग भिंतीवरच्या चुन्याकडं. दुरून, तुटक तुटक, एकेक अक्षर करत तार उतरावी तसं ते त्यांच्यापर्यंत पोचत गेलं. पूर्ण पोचलं तेव्हा त्यांचं बोट टाकीवर आलं. पण टिकटिकलं नाही. नुसतं टेकून राहिलं.

अधिकाऱ्यानं सामान हलवायला दुपारपर्यंत वेळ दिला. मालक आक्कांच्या दुकानात गेले आणि जोंधळ्याचं पोतं उचलायला वाकले. आक्कांनी पोत्यावर हात ठेवला. मालक परत वाकले नाहीत. संध्याकाळपर्यंत दोन्ही बाजूंच्या ओसऱ्या मातीचे ढीग होऊन पडल्या होत्या. मालकांचीही गेली होती. ती मात्र कुणी मोजली नाही.

त्यानंतर गल्लीत दोन मतं झाली. निम्मे म्हणत, म्हाताऱ्याला ठाऊक होतं, सरकारला फितूर झाला, घरात कलेक्टर कचेरीचा भाडेकरू काय उगीच ठेवलाय? निम्मे म्हणत, ठाऊक नसेल, पण असलं कसलं बोलणं? मास्तरांनी एकदा भर रस्त्यात त्यांना अडवून विचारलं, "तुम्हाला खरंच कळलं नव्हतं?"

"न्हाई," मालक म्हणाले.

कुणाला ते पुरलं नाही. दुसऱ्या कुणी घसा फोडून शपथा घेतल्या असत्या, पाया पडलं असतं, तर कदाचित गल्ली निवळली असती. मी मालकांना म्हणालो, "जरा समजावून सांगा लोकांना. बसून, नीट." मग त्यांनी मला विचारलं, "कसं?" टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं.

आणि मग, रस्ता मोकळा झाल्याबरोबर, टँकर आत आला. थेट दारापर्यंत. ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा, चांगला लांबलचक, परत परत. बायका सावकाश घागरी घेऊन यायच्या. रांग नाही, धावपळ नाही. जे लातूरकर रुंद रस्त्याला शिव्या देत होते, ते पाण्यापुरते गप्प झाले.

मालक तरीही रोज सकाळी औशाच्या रस्त्याला जात राहिले. किटल्या भरून येत आणि पाडलेल्या प्रत्येक दारापुढं थांबून म्हणत, "पाणी." कुणी बाहेर येत नव्हतं. मी माझी घागर भरून घ्यायचो, पण एका माणसाला पाणी लागतं किती? उरलेल्या किटल्या ते आल्या वाटेनं परत नेत. मला वाटायचं, कुठल्यातरी झाडाला घालत असतील. त्या शेतमालकानं पुढं एकदा मला सांगितलं, ते पाणी तारबाबू परत त्याच विहिरीत ओतत. थेंब न सांडता, वाकून, हळूच. दुष्काळात पाणी वाया घालवणाऱ्यांतले ते नव्हते.

आक्का घराच्या उरलेल्या खोलीत राहत होत्या. दुकानाशिवाय तिथं काय करायचं? उदगीरला भाऊ होता. जायचं ठरलं तेव्हा त्यांनी मला बोलावून निळं दार दाखवलं. ते भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं, रंग अजून ताजा.

"मला राग दुकानाचा न्हाई, बघा," त्या म्हणाल्या. "म्हंजे हाय, दुकानाचाबी हाय. पण मी म्हणले होते, परत विचारा. मी इथनंच ओरडून विचारले, बसला का? त्यांनी एवढं जरी म्हणलं असतं, की दांडी बसली. एक शब्द. एकच जास्तीचा शब्द, हो!"

निघायच्या दिवशी सकाळी रिक्षा आली. ट्रंक, दोन पोती, पितळी तराजू चढला. गल्ली दारांत उभी. तेवढ्यात मालक गाडी ढकलत बाहेर आले. गाडी धुतलेली, टाकीवरची सोनेरी रेघ चमकणारी. किटल्यांचे आकडे काढून टाकलेले. आणि मडगार्डवर, त्या दोन परक्या दांड्यांच्या भरवशावर, मागची जुनी सीट पुन्हा बसवलेली. आदल्या दिवशी कानशीचा आवाज आला होता, पण कशासाठी ते मला कळलं नव्हतं. सीटवर त्यांनी घडी घालून एक पांढरी चादर टाकली होती. मी ती ओळखली.

गाडी रिक्षाशेजारी उभी करून ते आक्कांना म्हणाले, "बसा."

आक्का पदर खोचत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही. त्या रिक्षात चढल्या, तराजू मांडीवर घेतला. रिक्षावाल्यानं दांडा ओढला. पहिल्यांदा यंत्र लागलं नाही. तो परत वाकला.

"आक्का," मालक म्हणाले. "बसा."

सगळ्या गल्लीनं ते ऐकलं. मास्तरांनी मान वर केली. कुणीतरी दारातली घागर खाली ठेवली.

आक्कांनी रिक्षातून त्यांच्याकडं वळून पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता.

"पहिल्यांदा म्हणलात तेव्हाच ऐकलं होतं मी, तारबाबू," त्या म्हणाल्या.

रिक्षा सुरू झाली. मालकांनी गाडीला लाथ मारली आणि रिकामी सीट घेऊन ते तिच्या मागं निघाले, माणसाच्या चालीनं, मध्ये थोडं अंतर ठेवून. मी पाडलेल्या ओसरीच्या ढिगावर उभा होतो. पूर्वी गल्लीतून कुणी गेलं की पहिल्या वळणालाच दिसेनासं व्हायचं. आता रस्ता रुंद झाला होता. ती दोघं पार बसस्टँडच्या चौकापर्यंत दिसत राहिली.